मे महिन्यात थंड, डिसेंबरात शांत : घरच्या कॉम्प्युटरचा खर्च आणि हिशेब

नाशिकमध्ये घरच्या कॉम्प्युटरची वर्षातून दोनदा परीक्षा होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो तापतो, मंदावतो, कधी आपोआप बंद पडतो. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्या निफाडचा पारा एक आकडी होतो, शहरातल्या घरांतही छताचे पंखे बंद असतात आणि मग रात्री अभ्यासाला बसलेल्या मुलाला किंवा घरून काम करणाऱ्याला त्याच कॉम्प्युटरची घरघर नकोशी होते. तापणे आणि आवाज करणे या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असते : आतली गरम हवा नीट बाहेर जात नाही, म्हणून पंख्यांना जिवाच्या आकांताने फिरावे लागते.

यावर सहसा दोन सल्ले मिळतात : ‘लिक्विड कूलिंग लावा’ किंवा ‘आता नवीनच घ्या’. अभ्यास, ऑफिसचे काम, फोटो-व्हिडिओ आणि थोडेफार गेमिंग एवढ्यासाठी कॉम्प्युटर वापरणाऱ्या घराला या दोन्हींची क्वचितच गरज असते. निम्मा इलाज फुकट आहे. उरलेला स्वस्तातल्या जोडणीपेक्षा सात-आठ हजार जादा घालून होतो, फक्त ते पैसे योग्य चार ठिकाणी गेले पाहिजेत.

आधी मोजा : पंचेचाळीसचा नियम

मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा प्रोग्रॅम मोफत आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांचे तापमान, तसेच मदरबोर्डला जोडलेल्या पंख्यांचे फेरे तो दाखवतो. सोबत ‘सिनेबेंच’सारखी मोफत चाचणी वीस-पंचवीस मिनिटे चालवा, म्हणजे प्रोसेसर पूर्ण ताकदीने काम करेल. त्याच वेळी खोलीचे तापमान पाहा. त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचे डिजिटल थर्मामीटर पुरते.

आता प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करा. येणारा फरक महत्त्वाचा, कारण खोली जेवढ्या अंशांनी तापते, साधारण तेवढ्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. डिसेंबरात १८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ अंशांवर थांबला, तर दुकानदार ‘एकदम ओके’ म्हणेल. पण फरक ५७ अंशांचा आहे. मेमध्ये खोली ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९५ ला पोचेल. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश, इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची १००. मर्यादेजवळ गेला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद होते.

म्हणून नाशिकसाठी सोपा नियम : पूर्ण कामाच्या वेळी हा फरक ४५ अंशांच्या आत असावा. ४० अंशांच्या दुपारीही मग प्रोसेसर ८५ च्या पुढे जात नाही. कॉम्प्युटर कोणत्याही ऋतूत घ्या, दुकानातच हा हिशेब करून पाहा. एक अपवाद : रायझन ७००० मालिकेतले ‘एक्स’ अक्षराचे प्रोसेसर पूर्ण ताकदीवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. घरात असा प्रोसेसर असेल तर बायोसमधला (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगचा भाग, त्यात कसे जायचे ते पुढे आहे) ‘इको मोड’ सुरू करा आणि मग मोजा.

मोठे आणि सावकाश पंखे

पंख्याचा वेग निम्मा केला की त्याने ढकललेली हवाही निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हा पंख्यांचा ठरलेला नियम आहे. एकाऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर हवा तेवढीच मिळते. दोन पंख्यांमुळे ३ डेसिबल वाढतात, तरी निव्वळ १२ डेसिबलची शांतता हाती येते. शांत कॉम्प्युटरचे सगळे शास्त्र या एका हिशेबात आहे. प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर आवाज करतो तो याचमुळे : पंखा लहान, खालच्या धातूच्या पाती थोड्या, म्हणून फेरे जास्त.

आधी फुकटचे इलाज

*जागा.* जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद कप्पा असतो. मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पुढून परत आत ओढली जाते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान उतरले तर दोष जागेचा होता, कॉम्प्युटरचा नव्हे. मागे भिंतीपासून किमान वीतभर जागा सोडा. कॅबिनेट थेट फरशीवर ठेवू नका, झाडताना उडणारी सगळी धूळ तो ओढून घेतो. पोकळ प्लायवुडवर ठेवला असेल तर खाली जाड रबरी चटईचा तुकडा घाला. प्लायवुडमुळे घुमणारा आवाज त्याने बराच कमी होतो. उन्हाळ्यात डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका : दमट हवेत धूळ पातींना चिकटून तिचा थर घट्ट होतो.

*पंख्यांची सेटिंग.* कॉम्प्युटर सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ दाबून बायोसमध्ये जा. असुसमध्ये ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटमध्ये ‘स्मार्ट फॅन’, एमएसआयमध्ये ‘हार्डवेअर मॉनिटर’ या नावाने तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवता येतो. नाशिकच्या उन्हाळ्यात साधे काम करतानाही प्रोसेसर पन्नाशीत असतो, म्हणून ५५ अंशांपर्यंत वेग ३० ते ३५ टक्के, ७० ला ५५ ते ६० टक्के आणि ८० च्या पुढे ८५ ते १०० टक्के अशी चढण ठेवा. प्रोसेसरचे तापमान एका सेकंदात दहा अंशांनी उडी मारते आणि पंखा त्यामागे धावतो. ती धावपळ थांबवायला ‘स्टेप अप’ वेळ तीन-चार सेकंद ठेवा.

*विजेची मर्यादा.* कोअर आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे, पण जोरात असताना तो ११७ वॅटपर्यंत घेऊ शकतो. काही मदरबोर्ड ही मोकळीक कायमची देऊन ठेवतात. बायोसमध्ये दीर्घकाळची मर्यादा ६५ वॅट करा. एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन क्लास यांत फरक जाणवणार नाही, उष्णता आणि आवाज मात्र उतरेल.

सफाई : वर्षातून दोनदा

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो म्हणून फसू नका. पंखा सोडवून वेगळा केला की त्याच्या खाली, धातूच्या पातींवर, करड्या धुळीची वळकटी सापडते. ती इतकी दाट बसलेली असते की चिमटीत धरून अखंड उचलता येते. पंखा फिरत असतो, पण हवा पातींपर्यंत जातच नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची खोदकामे सुरू असल्याने या काळात धूळ आणखी जास्त आहे.

सफाईच्या दोन वेळा ठरवून टाका : उन्हाळ्याआधी गुढीपाडव्याच्या सुमारास आणि पावसाळ्यानंतर खंडेनवमीला. हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतोच, तर हार घालण्याआधी त्याचे पोट साफ करावे. प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या, ब्लोअरने पाती आणि जाळ्या झटका. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी मदरबोर्डला टेकवू नका. स्थिर विजेने त्यावरचा एखादा भाग जळू शकतो.

थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांनी बदलावी. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, प्रोसेसरच्या मध्यभागी नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवा आणि कूलर सरळ खाली बसवून स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे घट्ट करत जा. एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर एक सावधगिरी पाळा. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि कूलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटे कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवत काढा.

खर्च : हातातला विजेचा ब्लोअर १,००० ते २,००० रुपये (एकदाच), पेस्ट ३०० ते ८०० रुपये. दुकानात करून घेतली तर पेस्टसह सफाई साधारण ५०० ते १,००० रुपयांत होते.

पैसे घालायच्या चार जागा

सफाई आणि सेटिंग करूनही फरक ४५ च्या वर राहिला, किंवा नवीन कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असेल, तर पुढचा क्रम पाळा. आकडे जीएसटी धरून आणि ढोबळ आहेत. कोटेशन नेहमी त्याच दिवशीचे घ्या.

१. *प्रोसेसरचा टॉवर कूलर : १,८०० ते ३,००० रुपये.* १२० मिमी पंखा आणि चार तांब्याच्या नळ्या असलेला, डीपकूल एजी४०० किंवा एके४०० च्या तोडीचा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला हा पुरून उरतो. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी पाहा. हे कूलर सुमारे १५ ते १६ सेंटिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण लागत नाही.

२. *जाळीच्या तोंडाचा कॅबिनेट : ३,५०० ते ६,००० रुपये.* पुढे सलग काच असलेला कॅबिनेट दुकानात देखणा दिसतो, पण हवा शिरायला फक्त कडेच्या फटी उरतात. जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारा फिल्टर आणि खाली एसएमपीएससाठी (वीजपुरवठ्याच्या डब्यासाठी) वेगळा फिल्टर, एवढे पाहा.

३. *एसएमपीएस : ३,५०० ते ५,००० रुपये.* ५५० वॅट, ‘८० प्लस ब्रॉन्झ’, पाच वर्षांची वॉरंटी. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. त्याचा छोटा पंखा ओरडतो आणि तो गेला तर सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. ही एक जागा अशी आहे जिथे दुकानदाराने स्वस्त पर्याय देऊ केला तरी नाकारावा.

४. *कॅबिनेटचे पंखे : प्रत्येकी ५०० ते १,००० रुपये.* पुढून हवा आत घेणारे दोन, मागून बाहेर टाकणारा एक, असे तीन पुरेत. आत येणारी हवा जास्त असली की ती फिल्टरमधून येते, फटींतून धूळ ओढली जात नाही. चार पिनांचे, म्हणजे ‘पीडब्ल्यूएम’चे पंखे मागा. आर्क्टिक पी१२ सारखा साधा, दिवे नसलेला पंखा चालेल. स्वस्त रंगीत दिव्यांचे पंखे अनेकदा थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. त्यांचा वेग कमी करता येत नाही आणि ते बारा महिने एकाच सुरात आवाज करतात.

स्वस्तातल्या जोडणीच्या तुलनेत या चार गोष्टींचा जादा भार सात-आठ हजार रुपये होतो. याच्या पुढचे खर्च घरासाठी ऐच्छिक आहेत. नॉक्टुआचे पंखे उत्तम, पण एकाची किंमत तीन हजारांच्या घरात जाते. लिक्विड कूलिंग टॉवर कूलरपेक्षा बरेच महाग पडते. त्यात पंख्यांखेरीज पंपही असतो, त्याचा स्वतःचा सूर असतो आणि काही वर्षांनी पंप बंद पडला की पूर्ण संच बदलावा लागतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी तो खर्च वाया आहे.

नवीन जोडणीचा ढोबळ आकडा

वेगळे ग्राफिक्स कार्ड नको असेल तर रायझन ५ ५६००जी सारखा चित्रे दाखवण्याची सोय आतच असलेला प्रोसेसर घ्या. कार्ड नाही म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचा पंखाच नाही. मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि वरच्या चार वस्तू धरून, मॉनिटर आणि विंडोज सोडून, ४५ ते ५५ हजार रुपये तयारीत ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव झपाट्याने चढले आहेत. पूर्वी तीन-साडेतीन हजारांत मिळणारी १६ जीबी रॅम आता दुपटीहून महाग आहे. घरात चालू स्थितीतली डीडीआर४ रॅम असेल तर ती फेकू नका, तिच्यावर चालणारा मदरबोर्ड निवडा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘हा आता चालणार नाही’ असे ऐकून अनेक घरे पूर्ण कॉम्प्युटर बदलत आहेत. तसे करावे लागले तरी चांगला कॅबिनेट, एसएमपीएस आणि पंखे नव्या मदरबोर्डसोबतही वापरता येतात. कूलरला नव्या सॉकेटची क्लिप मिळते का ते विचारा.

खरेदी कुठे? महात्मा गांधी रोड, कॅनडा कॉर्नर, नाशिक रोड अशा दोन-तीन ठिकाणची लेखी कोटेशने घ्या आणि ऑनलाइन भावाशी ताडून पाहा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर घेणारेही आहेत. फरक हजार-दीड हजारांचाच असेल तर गावातले दुकान बरे : वस्तू बिघडली की त्याच्याच काउंटरवर परत द्यायची असते. जोडणीचे ५०० ते १,५०० रुपये वेगळे लागतात. त्याच पैशांत पंख्यांची सेटिंग आणि २० मिनिटांची चाचणी तुमच्यासमोर करून द्यायची, हे आधीच ठरवा.

लक्षण, कारण, खर्च

*सुरू करताच प्रोसेसर ९० च्या वर :* कूलर सैल बसला आहे. इंटेलसोबतच्या कूलरच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एखादी निसटते. नव्या कूलरच्या तळाची संरक्षक फिल्म काढायची राहिली असेल तेही पाहा. खर्च : पेस्टपुरता.

*पंखा सतत चढतो-उतरतो :* सेटिंगची चढण फार उभी आहे. खर्च शून्य.

*खडखड :* आधी पाहा, एखादी वायर पात्याला लागते का. नसेल तर बेअरिंग गेले. तेल घालून ते फार काळ टिकत नाही, पंखाच बदला. खर्च : ५०० ते १,००० रुपये.

*एकसुरी गुणगुण :* जुनी हार्ड डिस्क. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तोच सूर कॅबिनेटच्या पत्र्यात घुमतो. विंडोज आणि रोजचे काम एसएसडीवर हलवा, जुन्या फायलींसाठी डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून लागेल तेव्हाच जोडा. खर्च : एसएसडी आणि केसपुरता.

*गेम खेळताना बारीक शीळ :* ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या कॉइलचा आवाज. गेमचे फ्रेम ६० वर बांधा. खर्च शून्य.

*तापमान ठीक, तरी अचानक बंद :* उष्णतेने बंद पडणारा कॉम्प्युटर आधी मंदावतो. न मंदावता एकदम अंधार झाला तर संशय एसएमपीएस, यूपीएस किंवा घरच्या विजेवर घ्या. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की यंत्र नीट बंद झाले नाही. दुसरा एसएमपीएस लावून पाहिल्याशिवाय मदरबोर्ड बदलायला हो म्हणू नका.

*कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या :* सॉकेटला अर्थिंग नाही. आधी वायरमन बोलवा, बाकी सगळे नंतर.

वीज आणि यूपीएस

असा कॉम्प्युटर साध्या कामात ४० ते ६० वॅट घेतो. ६० वॅट, रोज ८ तास, ३० दिवस : १४.४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला १४४ रुपये. तीन सावकाश पंखे मिळून दोन-चार वॅट घेतात, तेव्हा बिलाच्या भीतीने पंखे कमी करू नका. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस (२,५०० ते ३,५०० रुपये) काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. तोही बंद कप्प्यात कोंबू नका, उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

बिल, वॉरंटी, तक्रार

प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेले जीएसटीचे बिल घ्या. ‘बिल नको, १८ टक्के वाचतील’ हा सौदा वॉरंटी गमावण्याचा आहे. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच मागा. सुटा, ‘ट्रे’चा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यासोबत कूलर नसतो आणि ग्राहकाला कंपनीची थेट वॉरंटीही नसते. बॉक्स वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. वस्तू दुरुस्तीला बाहेरगावी पाठवावी लागली तर कुरिअरचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्या.

दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे बंगळुरूच्या ऑनलाइन विक्रेत्याविरुद्धही नाशिकमध्येच. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची. निकामी भाग भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका, अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्या.

खर्चाचा क्रम ध्यानात ठेवा : आधी जागा, मग सफाई, मग सेटिंग, मग कूलर आणि पंखे, आणि सगळ्यात शेवटी नवा कॉम्प्युटर. सफाई दुकानात करून घेतली तरी पहिल्या तीन पायऱ्या साधारण हजार रुपयांत होतात. त्या करून, मोजून, फरकाचा आकडा कागदावर लिहून मगच दुकानात जा. हातात आकडा असलेल्या ग्राहकाला नको ती वस्तू विकणे अवघड असते.